बाकवाले आणि चटईवाले

१ जानेवारी, सोमवार. सकाळ

नवीन वर्ष, नवी वही. वही आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या स्टेशनरीतली आहे, पण लिहिणार ते मंडळीच्याच भल्यासाठी, त्यामुळे हरकत नाही.

संकल्प: यंदा कुणावरही रागवायचं नाही. चटईवाल्यांवर तर मुळीच नाही. ते त्या लायकीचेच नाहीत.

संध्याकाळ

दरबारात नव्या वर्षाची सलामी. बूट बाहेर काढून, उकिडवे बसून, टाळ्या वाजवून सगळं रीतीप्रमाणे केलं. राजेसाहेब कातड्यांवर बसले होते. म्हणाले, तुमच्या ख्रिस्ती लोकांचे दोन अर्ज आलेत, दोघांनाही प्रार्थनेला जागा हवी. तुमचा देव एक, तुमचं पुस्तक एक, मग जागा दोन कशाला? बाजारामागचा एकच तुकडा मोकळा आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या शुक्रवारी दोघं मिळून या, एका तोंडाने मागा, देतो. नाहीतर तिथे पिठाची गिरणी घालतो.

माझी बायको सेनाम हे कानात सांगत होती. तसं मला बहुतेक कळलंच होतं.

जागा हवीच. आम्ही उपासना करतो तो शाळेचा वर्ग मार्चपासून मिळणार नाही, हेडमास्तरांनी लेखी कळवलंय. वर्ग गेला की मंडळी मोडली, आणि मंडळी मोडली की मी दक्षिणेत समुद्रकाठी केटाला, सासऱ्यांच्या सुक्या मासळीच्या दुकानात. आम्ही म्हणजे तीस-एकतीस माणसं. मास्तर, नर्सबाई, एक पोलीस, दोघं स्पेअरपार्टवाले, सगळे दक्षिणेकडून बदलीवर नाहीतर धंद्याला आलेले. बाकावर बसतो, बूट घालतो, की-बोर्ड आहे. मी उपदेशक, इथे आलो ते मुसलमानांमध्ये सुवार्तेचं काम करायला. तीन वर्षांत एकही माणूस आला नाही, पण पाया भक्कम घातला जातोय.

दुसरे ते याकूबूचे. इथल्याच मातीतले, घरं अर्धी मुसलमानांची. चटईवर बसतात, चपला दाराबाहेर, बायका मागे, प्रार्थनेला हात उघडे. लांबून पाहिलं तर ही कुठली मशीद म्हणून विचारावं. हा याकूबू दरबारात राजांच्या अगदी बाजूला बसला होता, मांडीवर कागदांचा गठ्ठा घेऊन. प्राथमिक शाळेतला मास्तर, आणि ऐट बघावी. लाळघोट्या.

मी त्यांना चटईवाले म्हणतो. ते आम्हाला बूटवाले म्हणतात, असं सेनामने सांगितलं. किती हलकट असावं माणसाने!

३ जानेवारी

तमाले शहरातल्या आमच्या मोठ्या पाळकांचा फोन. दोन्ही मंडळींमध्ये संवाद घडवून आणायचा, निमंत्रक मी. अगदी योग्य निवड. राजधानीत, आक्राला मी 'संवादातून सेवा' हे तीन दिवसांचं शिबिर केलंय. सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर आहे. शिबिराचं सार एकच: आधी ऐका, मग बोला. चटईवाल्यांना हे नीट समजावून सांगायला हवं.

५ जानेवारी, शुक्रवार

पहिली बैठक, आमच्याकडे. सहा बाकं मांडली, खाली पुसून घेतलं. चटईवाले आले, चपला फाटकाशी काढल्या आणि बाकांच्या शेजारी जमिनीवर बसले. आम्ही वर, ते खाली. दोन तास मान खाली घालून संवाद केला, मान धरली.

अजेंड्यात नऊ मुद्दे होते. याकूबूने आधी माझी चौकशी केली. मग बायकोची. मग आईवडिलांची, झोपेची, थंडीची, हरमटानच्या कोरड्या वाऱ्याची, त्याच्या धुळीची, ओठ फुटलेत का त्याची. मग त्यांच्यातल्या दुसऱ्याने तेच सगळं पहिल्यापासून. अकरा मिनिटं घड्याळ पाहून मोजली. शेवटी मी हसून म्हटलं, आता पहिल्या मुद्द्यावर येऊ या. ते सगळे एकदम गप्प झाले आणि शेवटपर्यंत गप्पच राहिले. याकूबूची बायको अझारा जाताना मोठ्याने म्हणाली, ह्यांच्या घरात आईची चौकशी केली तर घड्याळ बघतात. अर्थात हे मला सेनामकडून कळलं. मी "नाआ" म्हणून मान डोलावली होती. इथे नमस्काराला "नाआ" म्हणतात. एवढं आलं की भागतं.

नऊपैकी शून्य मुद्दे झाले. अहवालात लिहिलं: वातावरणनिर्मिती झाली.

११ जानेवारी

दुसरी बैठक, त्यांच्याकडे. याकूबूचं अंगण, चटया अंथरलेल्या. याकूबू म्हणाला, उपदेशकसाहेब, चपला-बूट तेवढे काढून या.

काढायला तशी हरकत नव्हती. पण उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, ते सकाळीच पाहिलं होतं. म्हटलं, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. आमची मंडळी बूट घालून देवापुढे जाते. ती आमची ओळख आहे. माझ्या पायात बूट राहणार. याकूबू म्हणाला, मग पाय बाहेर राहणार.

उंबऱ्याबाहेर प्लॅस्टिकची खुर्ची दिली. तिथून संवाद. आत ते, बाहेर मी, मध्ये हरमटानची धूळ आणि एक कोंबडी. कुणाचं काही ऐकू येईना. अझारा पाणी घेऊन आली आणि म्हणाली (हे सेनामने नंतर सांगितलं), राजवाड्यात ह्यांची ओळख कुठे जाते? तिथे तर उंबऱ्याच्या चार हात आधीच बूट निघतात.

ही बाई फार बोलते. दरबाराची गोष्ट वेगळी, तो प्रोटोकॉल.

घरी आल्यावर सेनामला मोजा रफू करायला सांगितलं. म्हणाली, ठेवा तिथे.

१४ जानेवारी, रविवार

उपदेशाचा विषय: ऐक्य. चटईवाल्यांची तीन उदाहरणं दिली, नावं न घेता. सगळ्यांना बरोबर कळलं.

दुपारी पाहतो तर सेनाम घरी नाही. अझाराच्या अंगणात बसून शिया बटर घोटत होती, दोघी हसत होत्या, शेजारच्या तीन मुसलमान बायकाही हसत होत्या. संध्याकाळी तिला समजावलं, की संवाद हे काम समितीकडे आहे, असा परस्पर करायचा नसतो. ती म्हणाली, आम्ही संवाद नव्हतो करत, गप्पा मारत होतो.

तीन वर्षांत ती इथली बोली घडाघडा बोलायला लागलीय. बाजारात उठबस असली की होतं तसं. मी व्याकरणाच्या पुस्तकातून शिकतोय, त्यामुळे वेळ लागतो. पण पाया भक्कम होतो.

मोजा तसाच पडलाय.

१९ जानेवारी

तिसरी बैठक, शाळेच्या आवारात, झाडाखाली. बाकं नाहीत, चटया नाहीत, सगळे उभे. माझीच कल्पना. उभ्याने लवकर आटपलं.

एक ठराव पास झाला! इथली रीत अशी, की जागा मागणाऱ्याने आधी दरबारच्या वडीलधाऱ्यांना जेवू घालायचं. तर दोन्ही मंडळींनी मिळून बोकड करायचा. राजांची माणसं येतील, बाजारातली मंडळी येतील, एकत्र ताटाला बसतील. मला तर आत्ताच दिसायला लागलं: शंभर मुसलमान, आपल्या पंगतीत, आणि मी मध्ये उभा राहून दोन शब्द बोलतोय.

मग भांडण. बोकड कापणार कोण? याकूबू म्हणाला, त्यात विचारायचं काय, आफा झिब्लिम कापतील, नेहमीसारखे. हे आफा म्हणजे मशिदीशेजारचे म्हातारे मौलवी. गावातली सगळी जनावरं तेच कापतात, तोंडाने त्यांचं ते म्हणत. लग्न असो, बारसं असो, चटईवाल्यांचा नाताळ असो.

मी म्हटलं, भाऊ, ख्रिस्ती पंगत, ख्रिस्ती बोकड, आणि सुरी मशिदीची? मग आपण इथे आलो कशाला? याकूबू म्हणाला, तुम्ही आलात, साहेब. मी इथेच होतो.

उद्धट. पण संकल्प आठवला. रागावलो नाही. फक्त पायाने एक दगड उडवला, तो पोलिसाला लागला.

२२ जानेवारी

तमालेला सविस्तर पत्र पाठवलं होतं, साडेचार पानं. उत्तर आलं: "स्थानिक पातळीवर सलोख्याने ठरवावे." म्हणजे संपूर्ण पाठिंबा. बोकड मी कापणार.

सेनाम म्हणाली, तुम्ही आजवर कोंबडी तरी कापलीय का? म्हटलं, प्रश्न अनुभवाचा नाही, भूमिकेचा आहे. ती म्हणाली, भूमिकेला बोकड धरता येतो का बघा.

२७ जानेवारी, शनिवार. सकाळी साडेसात

बोकड आमच्यातल्या ओफोरी मास्तरांनी धरला होता. ते विज्ञान शिकवतात, म्हणून त्यांना धरायला सांगितलं. प्रार्थना जरा लांबली. तेवढ्यात बोकड सुटला, स्पेअरपार्टवाल्यांच्या टायरांवरून उडी मारून बाजारात, बाजारातून थेट मशिदीच्या गल्लीत. मी सुरी घेऊन मागे. आता आठवलं की कसंतरीच होतं. शनिवारचा बाजार भरत होता, सगळे बघत होते.

आफा झिब्लिमनी त्याला दारातच धरला. कान कुरवाळत उभे होते. मला पाहून नमस्कार केला, चौकशी केली, घरच्यांची केली. मी "नाआ", "नाआ" म्हणत राहिलो. मग त्यांनी माझ्या हातातली सुरी पाहिली, अंगठ्याने धार तपासली, आणि मान हलवली. म्हणाले काहीतरी, ओफोरी मास्तरांनी सांगितलं: ही कांदा कापायची आहे. आणा, मी करून देतो, ह्या बिचाऱ्याचे हाल कशाला?

नको म्हटलं. ठामपणे.

सकाळी नऊ

झालं. त्याबद्दल लिहायचं नाही. ओफोरी मास्तर घरी जाऊन झोपलेत.

संध्याकाळी पाच

पंगत यशस्वी. राजांची सात वडीलधारी माणसं आली, आफा झिब्लिम आले, बाजारातले वीस-पंचवीस आले. सुपाचा वास घेऊन सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. पाणी प्यायले. पाहुणचाराची कोलाची बी घेऊन चघळली. जेवले कुणीच नाहीत.

एकाचं पोट बिघडलं होतं. एक जेवूनच आला होता. एकाने उपास सांगितला. आफा झिब्लिमनी फक्त हात छातीवर ठेवला. इथल्या लोकांची भूकच कमी, हे माझं निरीक्षण आहे.

पण चटईवाले! त्यांना काय झालं होतं? ख्रिस्ती म्हणवतात ना? त्यांनीही हात लावला नाही. ताटांपुढे बसून राहिले, जणू काही मी विष कालवलंय. आमचे बूटवाले तेवढे जेवले, तेही मान खाली घालून. पातेलंच्या पातेलं उरलं. माझे दोन शब्द झाले, चाळीस मिनिटं. ऐकायला शेवटी ओफोरी मास्तर होते, कारण ते तेव्हाच उठून आले.

२८ जानेवारी, रविवार

उपासनेनंतर याकूबू घरी आला. एकटा. चौकशी केली नाही, आईची नाही, बायकोची नाही, हे मी लगेच टिपलं. उभ्यानेच बोलला.

म्हणाला, काल मी का जेवलो नाही ते ऐका. माझी आई मुसलमान आहे. मी बाप्तिस्मा घेतला त्या दिवसापासून सहा वर्षं ती माझ्या घरात पाणी प्यायली नाही. मग हळूहळू यायला लागली. कारण काय, तर माझ्या चुलीवर आफांच्या हातचंच मांस शिजतं, हे तिने डोळ्यांनी पाहिलं. आता ती दर शुक्रवारी माझ्याकडे जेवते. काल मी तुमच्या पातेल्यातलं खाल्लं असतं तर संध्याकाळी बाजारभर झालं असतं, आणि ह्या शुक्रवारी तिचं ताट रिकामं राहिलं असतं. तुम्हाला इथे मुसलमान दिसतात, साहेब. मला आई दिसते. शुक्रवारी दरबारात आपण एक आहोत एवढं म्हणा, मी बाकी काही मागत नाही.

आणि गेला.

भावनिक ब्लॅकमेल. शिबिरात ह्याला शब्द होता, आठवत नाही. आई सगळ्यांनाच असते.

सेनामने रात्री माझ्यापुढे उरलेलं पातेलंच आणून ठेवलं. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, बोकड संपवा.

२९ जानेवारी

ठरलं. असल्या लोकांबरोबर एका तोंडाने बोलणं म्हणजे तोंडाचा अपमान. राजेसाहेबांना इंग्रजीत पत्र लिहिलं. मुद्दे थोडक्यात असे: चटईवाले खरे ख्रिस्ती नाहीत. जमिनीवर बसतात, चपला काढतात, मौलवीच्या हातचं खातात. ते अर्धे मुसलमान आहेत. त्यांच्या म्होरक्याने दरबाराची फसवणूक केली आहे. तरी जागा फक्त आमच्या मंडळीस मिळावी. खाली सही, शिक्का, आणि सर्टिफिकेटची झेरॉक्स.

लिफाफा राजवाड्याच्या फाटकावर दिला. फार हलकं वाटलं.

३१ जानेवारी

सेनामला पत्राबद्दल सांगितलं. तिने दोनदा विचारलं, राजेसाहेबांना पाठवलंत? आपल्या राजेसाहेबांना? जे स्वतः मुसलमान आहेत? त्यांच्याकडे तक्रार केलीत, की ही माणसं मुसलमानांसारखी वागतात?

त्या बाजूने मी पाहिलं नव्हतं. पण पत्राची भाषा भारदस्त आहे, राजांवर छाप पडेलच.

मग तिने विचारलं, राजांना इंग्रजी पत्रं कोण वाचून दाखवतं ठाऊक आहे का? म्हटलं, असेल कोणी कारकून. ती उठून अझाराकडे गेली.

२ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी दोन

जिंकलो! घाईघाईने लिहितो.

दरबार भरला होता. बूट बाहेर काढले, अंगठा दुमडून बसलो. कारभाऱ्याने पुकारलं, पत्र वाचा. आणि उठला कोण, तर याकूबू! त्याच्या हातात माझा लिफाफा. ते कागदांचं गाठोडं मांडीवर घेऊन तो राजांजवळ बसतो ते ह्यासाठी! तीन वर्षांत मला कुणी सांगितलं नाही. हरमटानमध्ये मला घाम फुटला.

पण त्याने वाचलं. ओळीवर बोट ठेवून, शांतपणे, पहिल्यापासून सहीपर्यंत, त्यांच्या भाषेत. स्वतःविरुद्धचं आरोपपत्र स्वतःच्या तोंडाने! मानलं पाहिजे. राजेसाहेब ऐकत होते आणि मध्ये मध्ये माझ्याकडे बघून मान डोलावत होते. एकदा तर हसले. शेवटी सगळ्या दरबाराने टाळ्या वाजवल्या. आफा झिब्लिमनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. जागा मंजूर!

मंजुरी दोघांच्या नावाने झाली, एवढीच किरकोळ विसंगती. राजेलोकांना सगळ्यांना सांभाळून घ्यावं लागतं. पण पत्राचा परिणाम स्पष्ट दिसत होता. तमालेला कळवायला हवं.

संध्याकाळी सहा

सेनाम आली. चेहरा वेगळाच होता. मी पत्राबद्दल बोलायला लागलो, तर म्हणाली, बसा.

म्हणाली, याकूबूने तुमच्या पत्रातला एकही शब्द वाचला नाही. त्याने काय सांगितलं ते ऐका. म्हणाला, उपदेशकसाहेब लिहितात, की मी परका माणूस, मला ह्या गावाच्या रीती कळत नाहीत. पंगतीत माझी चूक झाली, वडीलधाऱ्यांनी माफ करावं. याकूबूची माणसं माझे भाऊ आहेत, आम्ही एका घरातले आहोत, आम्हाला एकच जागा द्या.

मी म्हटलं, हे खोटं आहे. मी असं लिहिलंच नव्हतं.

सेनाम म्हणाली, हो ना. लिहायला हवं होतं.

मग म्हणाली, त्याची आई माझ्या शेजारी बसली होती. सगळ्या बायका होत्या. पोराने आईसमोर उभं राहून, मी खोटा आहे, फसवा आहे, म्हणून वाचायचं होतं का? आणि ती म्हातारी तर खूश झाली. मला म्हणाली, तुझा नवरा दिसतो तसा नाही गं.

तिने कमरेच्या कापडातून लिफाफा काढून टेबलावर ठेवला. याकूबूने परत दिला होता. निरोप असा, की साहेबांना सांग, चुलीत घाला, कुणाला दाखवू नका.

साडेसात

तमालेचा फोन येऊन गेला. नव्या जागेची संयुक्त समिती झाली, प्रमुख याकूबू. निमंत्रकाची आता गरज उरली नाही. परवा तिथे पहिली उपासना, बांधकाम होईपर्यंत चटयांवर. राजेसाहेब स्वतः पहिली चटई अंथरणार आहेत. त्यामुळे बूट सगळ्यांचेच बाहेर. मोठे पाळक म्हणाले, प्रॉस्पर, तुमच्या पत्राबद्दल ऐकलं, फार नम्र पत्र लिहिलंत म्हणे. मी हो म्हणालो.

पत्र चुलीत घातलं नाही. उघडून वाचलं. माझंच अक्षर आहे. "अर्धे मुसलमान" ह्याच्याखाली मी रेघ मारली होती, पट्टी लावून. लाज वाटली. लाजच वाटली, दुसरं काही म्हणता येत नाही. पट्टी शोधून आणायला मी त्या दिवशी ओफोरी मास्तरांकडे गेलो होतो, तेही आठवलं.

अझाराने एक वाडगा पाठवलाय, झाकण घातलेला. टीझेड, म्हणजे इथली पिठाची घट्ट उकड, आणि मटण. शुक्रवार आहे, म्हणजे याकूबूची आई जेवायला आली असणार, त्याच पातेल्यातलं. आफा झिब्लिमच्या हातचं. मी अर्धा तास त्याच्याकडे बघत बसलो आणि मग सगळं खाल्लं. मटण अगदी मऊ होतं. माझा बोकड चार दिवस शिजवला तरी असा झाला नव्हता.

सेनाम वाडगा परत द्यायला गेलीय, अजून आली नाही. तिकडे हसण्याचा आवाज येतोय.

परवा बूट काढायचे आहेत, सगळ्या गावासमोर. मोजा खुर्चीवर तसाच आहे, भोक मोठं झालंय. सुई-दोरा ह्या घरात कुठे असतो ते मला माहीत नाही. शोधतोय.